बर्फावरची मोटारसायकल: वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात एका वाचकाने हिवाळ्यात मनालीच्या पुढे मोटारसायकल न्यावी का, असे विचारले होते. त्याला उत्तर देताना मी ओघात लिहून गेलो की परदेशात काही हौशी मंडळी मोटारसायकलीचे पुढचे चाक काढून तिथे स्की आणि मागचे चाक काढून तिथे रबरी पट्टा बसवतात व बर्फावरून फिरतात. चेन आणि तेलावर आजवर लिहिलेल्या उत्तरांना मिळून जेवढी पत्रे आली नसतील तेवढी या एका वाक्यावर आली. ज्या गोव्यात बर्फ दिसतो तो मासळीच्या पेटीत, तिथल्या वाचकांना या विषयाची एवढी ओढ का, याचे उत्तर पत्रांतच सापडले: निम्म्याहून अधिक घरांतला कोणी ना कोणी कॅनडात आहे. मी स्वतः काही वर्षे ब्रिटिश कोलंबियातील रेव्हलस्टोक येथे दुरुस्तीच्या कामावर होतो, म्हणून या अंकातील सगळी जागा याच विषयाला देण्याची मुभा संपादकांकडून मागून घेतली आहे.

प्रश्न (पर्वरीहून): माझा मुलगा कॅल्गरीला नोकरी करतो. चवथीला घरी आला तेव्हा म्हणाला की त्याची ४५० सीसीची डर्ट बाईक वर्षातले सहा महिने नुसती पडून असते, म्हणून तो तिला बर्फाचे किट बसवणार आहे. हे किट म्हणजे नेमके काय? ते गंभीर यंत्र आहे की पैसेवाल्यांचे खेळणे?

उत्तर: यंत्र गंभीर आहे, आणि पैसेही लागतात, नव्या किटच्या किमतीत एक बरी जुनी मोटारसायकल येते. किट बसवताना पुढचे चाक, ब्रेकची डिस्क आणि कॅलिपर काढून फोर्कच्या टोकाला एकच रुंद स्की लावतात. मागचे चाक, त्याला धरणारा दांडा म्हणजे स्विंगआर्म आणि शॉक ही तिन्ही काढतात आणि स्विंगआर्म ज्या बोल्टवर झुलतो त्याच बोल्टवर ॲल्युमिनियमचा एक लांबट सांगाडा अडकवतात, ज्याच्या पोटात रूळ, सस्पेन्शन आणि त्यांच्याभोवती फिरणारा दातेरी रबरी पट्टा असतो. इंजिन, गिअर, क्लच, टाकी, सीट, हँडल हे सगळे मूळचेच राहते. इंजिनच्या स्प्रॉकेटवरून निघणारी चेन चाकाऐवजी पट्ट्याचा आस फिरवते, एवढाच काय तो बदल. पण त्या बदलाने गाडीचा स्वभाव मुळापासून पालटतो.

पट्ट्याची लांबी पूर्ण वेढ्याने मोजतात आणि बाजारात १२०, १२९ व १३७ इंच ही मापे सर्रास ऐकू येतात. रुंदी मात्र फूटभराच्या आसपास, म्हणजे बर्फावर चालणाऱ्या नेहमीच्या वाहनाच्या, स्नोमोबाइलच्या, १५ इंची पट्ट्यापेक्षा बरीच कमी असते, आणि या वाहनाची सगळी गंमत या अरुंदपणात आहे. स्नोमोबाइल दोन स्कींवर सपाट बसते, तर हे यंत्र मोटारसायकलीसारखे कलते. त्यामुळे डोंगराच्या कुशीतून आडवे जाणे, झाडांच्या मधून वळणे घेणे या गोष्टी ते सहज करते. ते थांबले की मात्र भुसभुशीत बर्फात रुतते. चपटा दगड वेगात असेपर्यंतच पाण्यावर टप्पे घेत जातो, तसलाच हा प्रकार आहे. याला मागे जाण्याचा गिअर नाही आणि पुढे ब्रेक नाही. थांबवण्याचे सगळे काम पट्ट्याच्या आसावरचा ब्रेक आणि बर्फाचा स्वतःचा अडथळा यांच्यावर सोपवलेले असते.

कल्पना तशी जुनी आहे. १९७० च्या दशकाच्या शेवटी क्रायस्लरने स्नो-रनर नावाचे मोटारसायकलीसारखे एक लहानसे बर्फवाहन काढले होते, पण ते टिकले नाही. धावत्या मोटारसायकलीला किट जोडण्याच्या पद्धतीला खरी प्रतिष्ठा मिळाली ती आयडाहो राज्यातील सँडपॉइंटच्या टिंबरस्लेड या कंपनीमुळे. ही कंपनी २०१५ साली स्नोमोबाइली बनवणाऱ्या पोलॅरिसने विकत घेतली, आणि २०१७ च्या जानेवारीत ॲस्पेनच्या एक्स गेम्स या साहसी खेळांच्या स्पर्धेत या गाड्यांची शर्यत प्रथमच झाली. तेव्हा मुलाची हौस निराधार नाही. किट विकत घेण्यापूर्वी त्याच्या गाडीच्या नेमक्या मॉडेलसाठी आणि वर्षासाठी जोडणीचे सुटे भाग मिळतात का, हे मात्र त्याने पाहावे. जुने किट स्वस्तात मिळाले आणि जोडणीचे भाग दुसऱ्याच गाडीचे निघाले, म्हणून उन्हाळाभर ते गॅरेजच्या भिंतीला टेकून राहिले, असे मी एकदा नव्हे, अनेकदा पाहिले आहे.

प्रश्न (मूळचा म्हापशाचा, सध्या कॅमलूप्सला राहणारा वाचक): माझ्या किट बसवलेल्या जुन्या कार्ब्युरेटरच्या ४५० सीसी गाडीने छळ मांडला आहे. सकाळी ती नीट सुरू होते, अर्धा तास उत्तम चालते, मग अडखळू लागते आणि बंद पडते. दहा मिनिटे थांबलो की जणू काही झालेच नाही अशी पुन्हा सुरू होते. कार्ब्युरेटर दोनदा साफ करून घेतला, प्लग बदलला. मेस्त म्हणतो, पेट्रोल खराब आहे.

उत्तर: तुमच्या पत्रातील "दहा मिनिटे थांबलो की" हे शब्द वाचल्यावर मला उरलेले पत्र वाचण्याची गरज उरली नाही. कचरा अडकलेला कार्ब्युरेटर थांबल्याने साफ होत नाही. बर्फ धरलेला कार्ब्युरेटर मात्र होतो. पेट्रोलची वाफ होताना ते भोवतालची उष्णता शोषून घेते, म्हणून कार्ब्युरेटरचा गळा बाहेरच्या हवेपेक्षाही गार होतो आणि हवेतील दमट कण आतल्या भिंतीवर बर्फ होऊन चिकटतात. गाडी चालू असताना गार हवेचा झोत सतत चालू असल्यामुळे तो बर्फ वितळत नाही. तुम्ही इंजिन बंद करून थांबता तेव्हा सिलिंडरमध्ये साठलेली उष्णता हळूहळू कार्ब्युरेटरपर्यंत सरकते, बर्फ वितळतो आणि गाडी शहाण्यासारखी सुरू होते. पेट्रोलला दोष देण्यापूर्वी तुमच्या मेस्ताने गाडी बंद पडताच कार्ब्युरेटरच्या अंगाला हात लावून पाहिला असता तर बरे झाले असते.

यावर तीन उपाय एकत्र करायचे असतात, आणि तिघांचेही मूळ एकच आहे: इंजिनाला ऊब हवी. मोटोक्रॉसच्या, म्हणजे मातीतल्या शर्यतीच्या, गाड्या उन्हाळ्यातल्या धुळीत, कमी वेगात, पूर्ण ताकदीने चालण्यासाठी बनवलेल्या असतात. त्यांचे रेडिएटर त्या मानाने मोठे असतात आणि बहुतेकांत थर्मोस्टॅट नसतोच. असल्या गाडीच्या रेडिएटरवर उणे पंधरा अंशांची हवा आणि वर उडणारा बर्फाचा भुगा आदळत राहिला की कूलंट कधी गरमच होत नाही. म्हणून कूलंटच्या नळीत जोडायचा थर्मोस्टॅट घ्या, जो पाणी ठरावीक तापमानाला पोहोचेपर्यंत ते रेडिएटरकडे न पाठवता आतल्या आत फिरवतो. त्याच्या जोडीला रेडिएटरच्या पुढे काढता-घालता येणारे झाकण आणि इंजिनाभोवती आवरण लावा, आणि कार्ब्युरेटरला गरम कूलंटची बारीक नळी गुंडाळणारा किंवा विजेवर तापणारा हीटर बसवा. हे सगळे बसवल्यावर हँडलवर तापमानाचा लहानसा मीटर हवाच, कारण झाकण लावलेली हीच गाडी दुपारच्या मऊ बर्फात चढावर रुतली की पाच मिनिटांत उकळते. त्या क्षणी झाकण काढायचे हे कळण्यासाठी आकडा डोळ्यांसमोर असावा लागतो.

आता दोन गोष्टी ज्या तुम्ही विचारलेल्या नाहीत. पहिली हवेच्या फिल्टरची. स्पंजचा ओला फिल्टर उडता बर्फ अडवतो खरा, पण अडवलेला बर्फ वितळून पुन्हा गोठला की स्पंजची वीट होते आणि इंजिनाचा श्वास कोंडतो. त्याऐवजी पाणी झटकणाऱ्या बारीक जाळीचे बर्फासाठीचे आवरण वापरतात आणि हवा घेण्याचे तोंड पट्ट्याच्या फवाऱ्यापासून दूर, वरच्या बाजूला ठेवतात. उन्हाळ्यात मातीत परत जाताना मूळचा फिल्टर आठवणीने बसवा; जाळी धूळ अडवत नाही.

दुसरी गोष्ट इंजिनाच्या उच्छ्वासाच्या नळीची, आणि ती मी स्वतःच्या नुकसानीतून शिकलो. पिस्टनच्या बाजूने निसटलेले वायू व त्यांतली वाफ क्रँककेसमधून एका रबरी नळीने बाहेर जाते. ती नळी बहुधा खाली लोंबत असते आणि तिच्या टोकाला बर्फाचा खडा धरतो. माझ्या पहिल्याच हिवाळ्यात एका चढावर गाडीखालचा पांढरा बर्फ अचानक तपकिरी होऊ लागला. नळीचे तोंड बंद झाल्यामुळे आत दाब वाढला होता आणि त्या दाबाने स्प्रॉकेटजवळचे तेलाचे सील जागेवरून ढकलून दिले होते. करंगळीच्या नखाएवढा तो बर्फाचा खडा मी हाताने मोडून काढला, पण तोपर्यंत इंजिनातले तेल संपत आले होते, आणि गाडी दोरीला बांधून दुसऱ्याच्या मागे खाली आणावी लागली. उपाय फुकटचा आहे: नळीला इंजिनाच्या जवळ, उबेच्या टप्प्यात, एक लहान चीर पाडून ठेवा, म्हणजे टोक गोठले तरी वाट मोकळी राहते. याच वाफेमुळे गार चालणाऱ्या इंजिनाच्या तेलात पाणी आणि पेट्रोल मिसळते. तेलाच्या काचेत दुधाळ रंग दिसला की तास न मोजता तेल बदलून टाकावे.

प्रश्न (मडगावहून): भाऊ क्यूबेकमध्ये असतो. तिथल्या रोलरने चेपलेल्या वाटांवरून किटची गाडी चालवताना त्याला जळक्या प्लॅस्टिकचा वास येतो. एवढ्या थंडीत काही जळेल कसे?

उत्तर: जळते, आणि याच गाडीचे इंजिन त्याच वेळी गारठलेले असू शकते, ही या यंत्राची सगळ्यांत चमत्कारिक गोष्ट आहे. पट्टा आतल्या बाजूने ज्या दोन रुळांवरून सरकतो त्या रुळांच्या तळाला पॉलिथिलीनची पट्टी असते. तिला स्लायडर म्हणतात. पट्ट्याला बसवलेल्या धातूच्या चिमट्या सतत या स्लायडरवर घासत जातात. त्यांना वंगण म्हणून तेल नसते, ग्रीस नसते. बर्फाचा भुगा वितळून जे पाणी होते तेच वंगण आणि तेच थंडावा. खोल बर्फात त्याची कमतरता नसते. रोलरने दाबून घट्ट केलेल्या, वर काचेसारख्या झालेल्या वाटेवर मात्र भुगा उडतच नाही आणि स्लायडर कोरडा पडून वितळू लागतो. वास येतो तो तेव्हाच.

भावाला सांगावे की रुळांना जोडायचे ओरखडे, म्हणजे स्प्रिंगच्या पोलादाच्या लवचीक तारा, दोन्ही बाजूंनी बसवून घे. त्या वाटेवर घासत जाऊन बर्फाचा कीस काढतात आणि तो पट्ट्याच्या आत फेकतात. भुसभुशीत बर्फात त्या वर अडकवून ठेवायच्या असतात, आणि गाडी हाताने मागे ढकलताना त्या मुडपतात, हे ध्यानात ठेवायचे. तारा नसतील तर दर काही मिनिटांनी वाटेच्या कडेच्या मऊ बर्फातून थोडे अंतर जावे. रुळांवर जास्तीची चाके बसवली तर भार वाटला जातो, पण वंगणाला चाके पर्याय नाहीत. पट्टा फाजील घट्ट ठेवलेला नाही ना, हेही पाहावे. घट्ट पट्टा स्लायडर खातो आणि इंजिनाची ताकदही खातो, तर फार सैल पट्टा जोराच्या ब्रेकखाली दात्यांवरून उडी मारतो.

आणखी एक. रात्री गाडी उघड्यावर ठेवली तर ओला पट्टा आणि स्की जमिनीला चिकटून गोठतात. सकाळी पहिला गिअर टाकून क्लच सोडणे म्हणजे क्लचच्या प्लेटी जाळणे होय. संध्याकाळीच पट्ट्याखाली आणि स्कीखाली लाकडाची फळी सरकवावी, आणि सकाळी आधी गाडी हाताने हलवून पट्टा मोकळा झाला का हे पाहावे.

प्रश्न (डिचोलीहून): पुढच्या हिवाळ्यात चुलतभावाकडे रेव्हलस्टोकला जाणार आहे. त्याच्या किटच्या गाडीत आम्ही दोघे मिळून पैसे घालणार आहोत. उंचीवर इंजिनाची ताकद जाते, म्हणून आधी इंजिनात जादा हवा दाबून भरणारा टर्बो बसवावा असे त्याचे म्हणणे आहे. तुमचे मत काय?

उत्तर: माझे मत टर्बोच्या विरुद्ध आहे, निदान पहिल्या दोन हिवाळ्यांपुरते. उंचीवर हवा विरळ होते हे खरे. दर हजार मीटरला ताकद साधारण दहा टक्क्यांनी घटते असे धरून चालतात. रेव्हलस्टोक गाव सुमारे ४८० मीटर उंचीवर असले तरी वरची मोकळी मैदाने २००० मीटरच्या आसपास आहेत, म्हणजे तिथे वीसेक टक्के नुकसान दिसते. पण थंड हवा दाट असते हे आपण गोव्यातले लोक विसरतो, कारण आपल्याला ती कधी भेटतच नाही. हिशोब करून पाहा: २००० मीटरवर उणे १५ अंशांतली हवा आणि पणजीच्या किनाऱ्यावर ३३ अंशांतली हवा यांच्या दाटपणात फरक पडतो तो जेमतेम सात टक्क्यांचा, आणि आपल्या हवेतला दमटपणा धरला तर त्याहूनही कमी. ज्या इंजिनाने तुम्ही डिचोलीच्या लाल मातीत मे महिन्याच्या दुपारी समाधानी असता, जवळजवळ तेच इंजिन तुम्हाला त्या डोंगरावर मिळणार आहे. गाडी कार्ब्युरेटरची असेल तर जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारे बारीक छिद्र, मात्र उंची व थंडी दोन्ही मोजून निवडावा लागेल, कारण थंडी मोठा जेट मागते आणि उंची लहान. इंजेक्शनची गाडी हे काम सेन्सरवरून स्वतःच करते.

मग पैसे कशात घालावेत? आधी हातात. गरम होणाऱ्या मुठी आणि मोठे हँडगार्ड ही चैन नव्हे. बोटे बधिर झाली की क्लच आणि ब्रेक दोन्ही अंदाजाने दाबले जातात. त्याच वेळी मनगटाला बांधायची दोरी असलेला किल स्विच, म्हणजे दोरी निघताच इंजिन बंद करणारे बटण, लावा, कारण चढावर चालक पडला आणि गाडी पट्टा फिरवत राहिली तर ती एकटीच पुढे जाते. थर्मोस्टॅट आणि हवा घेण्याच्या तोंडाची जाळी यांविषयी वर लिहिलेच आहे. नव्या गाड्यांना किक नसते आणि थंडीत लिथियम बॅटरी मरगळते, म्हणून कोटाच्या आतल्या खिशात लहान जंप पॅक, म्हणजे गाडी सुरू करून देणारी जादा बॅटरी, ठेवावा. बटण दाबण्यापूर्वी अर्धा मिनिट दिवा लावून ठेवला तर बॅटरी स्वतःच्या प्रवाहाने थोडी तापते आणि पुष्कळदा तेवढ्यावरच काम भागते.

त्यानंतर पुढचा भाग. स्की लावल्यावर फोर्कवर येणारा भार आणि धक्क्यांची जात बदलते, म्हणून फोर्कच्या स्प्रिंगा अधिक कडक लागतात. मूळच्या स्प्रिंगा उतारावर पूर्ण दबून जातात आणि हँडल पोटाशी येते. स्कीची निवड तर टर्बोपेक्षा दहापट महत्त्वाची मानतो. स्कीच्या तळाला उभी धार असते. खोल बर्फासाठी एक खोल धार चांगली, पण चेपलेल्या वाटेवर तीच धार स्नोमोबाइलींनी पाडलेल्या चरांत शिरते आणि हँडल आपल्या मनाने डावी-उजवीकडे खेचते. ज्यांनी पावसाळ्यात ट्रकच्या चाकोरीतून स्कूटर चालवली आहे त्यांना ही भावना वेगळी समजावून सांगायला नको. वाटेवर जास्त फिरायचे असेल तर दोन धारांची स्की आणि तिच्या तळाला कार्बाइडची पट्टी घ्यावी, जी कडक बर्फाला चावून वळण देते. चर ओढू लागला की हँडल आवळून धरण्याची ऊर्मी येते. ती दाबावी, उभे राहावे, वजन जरा मागे न्यावे आणि गॅस स्थिर ठेवावा.

पट्ट्याच्या दातांचेही असेच आहे. अडीच-तीन इंचांचे उंच दात खोल बर्फात गाडी उचलून धरतात, पण कडक वाटेवर ते वाकतात, तापतात आणि मुळाशी फाटतात. तुम्ही दोघे नक्की कुठे फिरणार हे आधी ठरवा. एकाच पट्ट्यात दोन्ही सुखे मिळत नाहीत.

प्रश्न (फोंड्याहून, गॅरेजचा मालक): असे किट आपल्याकडच्या हिमालयन गाडीला बसवता येईल का? आणि बर्फ नसला तरी मिरामारच्या किंवा केरीच्या रेतीवर चाचणी घेता येईल का?

उत्तर: दोन्हींचे उत्तर नाही असे आहे. ४११ सीसीच्या हिमालयनचे वजन जवळजवळ २०० किलो आणि शक्ती सुमारे २४ अश्वशक्ती. ज्या ४५० सीसी मोटोक्रॉस गाड्यांसाठी ही किटे बनतात त्या ११० किलोंच्या आसपास असून पन्नासहून अधिक अश्वशक्ती देतात. किटचा पट्टा फिरवण्यातच बरीच ताकद खर्च होते, तेव्हा जड आणि मंद गाडी खोल बर्फात स्वतःचाच खड्डा खणील. शिवाय नोंदणी झालेल्या गाडीत मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल करणे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ च्या आड येते आणि कलम १८२-अ खाली दर बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही होऊ शकतात. रेतीविषयी म्हणाल तर समुद्रकिनाऱ्यावर वाहन नेण्यास गोव्यात बंदी आहे. आणि बंदी नसती तरी वर लिहिलेल्या स्लायडरला रेतीत पाणी कुठून मिळणार? ओली रेती वंगण होत नाही, ती सॅंडपेपर होते. शंभर मीटरवर तुमचे नवे किट भंगारात जाईल. तुमच्या कुतूहलाचे मात्र मला कौतुक वाटते. गुलमर्गला पर्यटकांना स्नोमोबाइलीवर बसवतात. तिथे जाल तेव्हा थांबलेल्या गाडीचा पट्टा, रूळ आणि स्लायडर खाली वाकून नीट पाहून घ्या, तत्त्व तेच आहे.

प्रश्न (काणकोणहून, एका आईचे पत्र): माझी मुलगी आणि जावई दोघेही कॅनडात ही गाडी चालवतात. व्हिडिओ पाहून माझा जीव वरखाली होतो. गाडीवरून पडण्यापेक्षा मोठा धोका कोणता, आणि त्यांना मी नेमके काय विचारावे?

उत्तर: बाई, पडण्याची भीती तुम्ही सोडून द्या. मऊ बर्फात पडणे हे माशेलच्या चिखलकाल्यात लोळण्यापेक्षा फारसे वेगळे नसते. झाडे आणि खडक सांभाळले म्हणजे झाले. खरा धोका हिमस्खलनाचा आहे, आणि या गाडीच्या बाबतीत तो एका खास कारणाने वाढतो: जिथे स्नोमोबाइल पोहोचत नाही अशा अरुंद, तिरक्या, झाडांतल्या उतारांवर ही पहिल्याच दिवशी पोहोचते, आणि गाडी पोहोचली म्हणजे आपल्यालाही तिथले कळते असा चालकाचा समज होतो. बहुतेक हिमस्खलने ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतात, आणि चालवायला सर्वांत मजा येते तीही अशाच उतारांवर.

प्रत्येकाच्या अंगावर बीकन, पाठपिशवीत फावडे आणि जोडून लांब करता येणारी शोधकाठी, ही तीन साधने लागतात. यांतले एक नसेल तर बाकीची दोन निरुपयोगी ठरतात. बीकन ४५७ किलोहर्ट्झवर सतत संदेश पाठवतो आणि कोणी गाडला गेला की बाकीच्यांनी आपापले बीकन शोधाच्या स्थितीत टाकून त्याच्यापर्यंत पोहोचायचे असते. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलेल्यांपैकी बहुतेक वाचतात आणि त्यानंतर ती शक्यता झपाट्याने कोसळते. म्हणजे मदतीला येणारे हेलिकॉप्टर नव्हे, तर शेजारी उभा असलेला जोडीदारच वाचवतो. म्हणून साधने गाडीला बांधायची नाहीत, अंगावर ठेवायची. गाडी चालकाबरोबर गाडली जाईलच असे नाही. हवेची पिशवी फुगवणारी पाठपिशवीही मिळते. ती अवश्य घ्यावी, पण तिच्या भरवशावर बीकन घरी ठेवू नये.

ज्या गरम मुठी मी वर डिचोलीच्या वाचकाला आवर्जून सुचवल्या, त्याच, आणि विजेवर तापणारी जाकिटेही, बीकनच्या कामात लुडबुड करतात. मोबाइल आणि विजेवर चालणारी इतर वस्तू संदेश पाठवणाऱ्या बीकनपासून निदान २० सेंटीमीटर आणि शोध घेताना निदान ५० सेंटीमीटर दूर हवी. शोध सुरू करताना इंजिन बंद करायचे, तापणारे कपडे बंद करायचे आणि गाडीपासून बाजूला जायचे. याचा सराव त्यांनी घराच्या अंगणात केला आहे का, हे विचारा.

त्यांच्या भागासाठी ॲव्हलांच कॅनडा ही संस्था हिवाळाभर धोक्याची पातळी प्रसिद्ध करते. ती सकाळी निघण्यापूर्वी वाचली का, हेही विचारा. आपल्याकडे हिमालयासाठी असे इशारे डीआरडीओची डीजीआरई ही संस्था देते, तेव्हा मनाली-लाहौलकडे जाणाऱ्यांनीही ही सवय लावून घ्यावी. उतारावर एका वेळी एकानेच जायचे आणि दुसऱ्याने खाली वाटेत नव्हे तर बाजूच्या सुरक्षित जागी, गाडीचे तोंड बाहेरच्या दिशेला करून थांबायचे, हा नियम ते पाळतात की नाही हे तुम्हाला त्यांच्याच व्हिडिओंत दिसेल. दोघे एकाच उतारावर एकामागोमाग चढताना दिसले, किंवा एक जण रुतल्यावर त्याला काढायला दुसरा वर गेलेला दिसला, तर त्याच संध्याकाळी फोन करा.